बहात्तर दगड

धुरी सर चहाचा कप उचलत, घोट घेत, आणि कपाचा कान आधी ज्या दिशेला होता त्याच दिशेला येईल असा कप परत बशीत ठेवत. गिरगावातल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये या सवयीची पुष्कळ चेष्टा होई. संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी एकदा सर घोट घेत असताना हळूच बशी फिरवून ठेवली. सरांनी आधी बशीकडे पाहिलं, मग शास्त्रीबुवांकडे, आणि बशी पूर्वीसारखी करून कप ठेवला. "पूर येऊन गेला वाटतं," एवढंच म्हणाले.

हे वाक्य तेव्हा कुणालाच कळलं नाही. मला कळायला एक पावसाळा जावा लागला.

विश्राम सखाराम धुरी प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. प्राध्यापकांनी बेडकाविषयी बोलायचं आणि डेमॉन्स्ट्रेटरने बेडूक कापून दाखवायचा, अशी आमच्याकडे कामाची वाटणी होती. त्यांची नेमणूक हंगामी होती. दर एप्रिलमध्ये ती संपे आणि जूनमध्ये नवं पत्र येई. असं नऊ वर्षं चाललं होतं. "माझी नोकरी आणि ओढा दोन्ही जूनमध्ये वाहायला लागतात," असं ते म्हणत, आणि त्यात तक्रारीचा सूर नसे. एक नोंद केल्यासारखं म्हणत.

ओढा म्हणजे वडाळ्याचा. तिथे तेव्हा एक टेकडी होती, टेकडीवर झरा होता, आणि झऱ्यातून निघालेलं पाणी खडकांवरून उतरत मिठागरांकडे जाई. मोठ्या माणसाने उडी मारली तर पलीकडे जाईल एवढी त्याची रुंदी. त्याला नाव नव्हतं. मार्च उलटला की पाणीही नसे. अशा ओढ्याकडे धुरी सर लालबागहून दर रविवारी चालत जात, पायजमा गुडघ्यापर्यंत वर दुमडून पाण्यात उतरत, एकेक दगड उलटा करून त्याला चिकटलेले किडे मोजत आणि दगड होता तसाच, त्याच तोंडाने, त्याच खळगीत परत ठेवत.

मी इतिहास शिकवायचो. मला त्यांनी सोबत यायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, माझ्या विद्वत्तेची कदर झाली.

"माझे हात ओले असतात," सर म्हणाले. "वही भिजते. तुम्ही इतिहासवाले, दुसऱ्याने सांगितलेलं लिहून घ्यायची तुम्हाला सवय असते."

अशी माझी नेमणूक झाली. तीही हंगामीच.

पहिल्याच रविवारी मी एक दगड उचलला, खाली काही दिसलं नाही म्हणून बाजूला टाकला. सर पाण्यातून बाहेर आले, तो दगड उचलला, आणि त्याची जागा शोधून नीट बसवला.

"देसाई, तुमच्या घराचं छप्पर कुणी उचलून बघितलं आणि तुम्ही घरात नाही म्हणून पलीकडच्या गल्लीत नेऊन टाकलं, तर?"

"पण खाली कुणी नव्हतं."

"तुम्हाला दिसलं नाही, एवढंच लिहा. नव्हतं, असं लिहू नका."

पुढे आयुष्यात मी बऱ्याच थोर लोकांची भाषणं ऐकली, काहींची छापूनही आणली. इतकं उपयोगी वाक्य त्यांतल्या एकातही सापडलं नाही.

सरांना किड्यांची लॅटिन नावं पाठ होती, पण ओढ्यावर ते ती वापरत नसत. तीन शेपट्या असलेल्या चपट्या किड्याला ते 'त्रिशेपटी' म्हणत. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधणारी एक अळी होती, तिला 'गवंडी'. चिखलात राहणाऱ्या लाल, वळवळत्या अळ्यांना 'तांबड्या'. ही नावं त्यांनी पारूबाईंसाठी ठेवली होती. पारूबाई ओढ्याच्या खालच्या अंगाला, मिठागरावर काम करणाऱ्यांच्या वस्तीत राहत. पन्नाशीच्या, काटक, आणि सरांच्या कामावर बारीक लक्ष ठेवून असलेल्या.

"मास्तर, किडं मोजून काय मिलतं तुमाला?"

"काही नाही मिळत."

"मंग बाइल काय म्हनते?"

"तीही हेच विचारते."

पारूबाई खो खो हसल्या. तिथून पुढे त्या आम्हाला बघितलं की ओरडून बातम्या देत. "आज गवंडी लय हायत वरल्या अंगाला!" सर मला सांगत, "लिहा." कॉलेजातल्या एकाही विद्यार्थ्याचं निरीक्षण त्यांनी कधी न तपासता लिहायला सांगितलं नव्हतं.

त्या जुलैत चार दिवस पाऊस कोसळला. पाचव्या दिवशी आम्ही गेलो तर ओढा ओळखू येईना. डोक्याएवढे दगड लोळत खाली गेले होते, काठ खरवडले होते, आणि दगडांखाली काही म्हणजे काही नव्हतं. मी हळहळलो. सर मात्र अगदी स्वस्थ होते.

"महिन्याने बघा," ते म्हणाले.

महिन्याने खरोखरच सगळे परत आले होते. काही काठाच्या कपारीत तगले होते, काही वाळूच्या खोल थरांत, काही वरून वाहत आले होते.

"पूर येतो आणि जातो," सर दगड ठेवता ठेवता म्हणाले. "यांना तो ठाऊक आहे. यांच्या पणजोबांनाही ठाऊक होता. उन्हाळा तसाच. ओढा आटतो, हे वाट बघतात. त्रास झाला म्हणून ओढा मरत नाही, देसाई. त्रास थांबलाच नाही तर मरतो."

न थांबणारा त्रास पुढच्या वर्षी आला. टेकडीच्या मध्यावर पत्र्याची एक मोठी शेड उभी राहिली. गिरण्यांतून आलेलं कापड तिथे ब्लीच करायचे आणि रंगवायचे. पाणी ओढ्याचंच घेत, आणि काम झाल्यावर ओढ्याला परत देत. सोमवारी ओढा निळा असे, गुरुवारी मेंदीच्या रंगाचा. शेडने टेकडीच्या त्या अंगाला कुंपण घातल्यामुळे वस्तीतल्या बायकांना पिण्याच्या पाण्यासाठी टेकडीला वळसा घालून झऱ्यापर्यंत जावं लागू लागलं. पाऊण तास जायला, भरल्या हंड्याने त्याहून जास्त यायला. ज्यांना जमत नसे त्या खालचंच भरत.

इथे एक सांगायला हवं. सरांचा रंगावर राग नव्हता. त्यांचे वडील तीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात होते. लालबागच्या चाळीत, दोन खोल्यांच्या घरात, खिडकीशी ते बसलेले असत. नखांत अजून निळी कड होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सरांनी त्यांना शेडची हकिकत सांगितली. म्हातारबांनी आपल्या नखांकडे पाहिलं.

"आमी रंग केलो, धुतलो, सोडलो," ते म्हणाले. "तो खंय जाता, ह्या आमका कोणी कधी इचारूक नाय. आमीय कोणाक इचारूक नाय."

"माझ्या शाळेची फी त्या रंगातून आली," सर मला म्हणाले. "म्हणून मला विचारायला हवं."

आतून वहिनींचा आवाज आला, "विचारा हो, पण माझा टोप आधी परत द्या!" सरांनी घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात ओढ्यातून आणलेले दगड उकळायला ठेवले होते. का, ते मला पुढे कळलं. "आज आमच्याकडे दगडांचा रस्सा आहे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, जेवूनच जा."

वस्तीने नळासाठी अर्ज केला होता. अर्जावर विचार करायला एक पाहणी समिती नेमली गेली. समितीचे अध्यक्ष हे एक वजनदार गृहस्थ होते. त्यांच्या गळ्यात हार नसताना त्यांना पाहिल्याचं मला आठवत नाही. शेडचे मालक त्यांच्या उठण्याबसण्यातले, आणि आमच्या कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेचे देणगीदारही हे मालकच. ही मंडळी एकमेकांना हार घालत आणि हार घालणाऱ्यांचे आभार मानत, आणि असं करता करता शहराचा कारभार चालत असे. समितीला कुणी तज्ज्ञ हवा होता. प्राचार्यांनी धुरी सरांचं नाव सुचवलं. पुढच्या जूनमध्ये एक कायम जागा निघणार होती, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

समितीने सरांना एक छापील कागद दिला. त्यावर एकच प्रश्न होता: कारखान्याच्या वरच्या व खालच्या भागातील ओढ्यात जीवसृष्टीच्या दृष्टीने फरक आढळतो काय? उत्तर आठ दिवसांत द्यायचं होतं. तो ऑगस्ट होता, आणि त्या आठ दिवसांतले पाच दिवस पावसाने झोडपून काढले. सहाव्या दिवशी आम्ही गेलो. पुराने ओढा वरपासून खालपर्यंत धुऊन नेला होता. वर पन्नास दगडांखाली काही दिसलं नाही. खाली पन्नास दगडांखाली काही दिसलं नाही.

सरांनी कागदावर लिहिलं, 'फरक आढळला नाही.' सही केली. खाली तारीख घातली.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मलाही काही खटकलं नाही. प्रश्न होता तेवढं उत्तर दिलं होतं, आणि ते खरं होतं. सरांचा तर खाक्याच तो. जेवढं दिसलं तेवढं लिहायचं, त्याच्या पलीकडे एक अक्षर नाही.

प्रयोगशाळेचं उद्घाटन ऑक्टोबरात झालं. अध्यक्षांनी भाषणात विज्ञानाचा महिमा सांगितला, आणि आपल्याच महाविद्यालयातील एका शास्त्रज्ञाने वडाळ्याच्या ओढ्याचं पाणी निर्दोष असल्याचं सिद्ध केलं, असंही सांगितलं. टाळ्या झाल्या. सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, पण काही बोललेही नाहीत. मांडीवरचा रुमाल उचलला, पुन्हा त्याच घडीवर घडी घालून ठेवला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही ओढ्यावर पोचलो तेव्हा पारूबाई डोक्यावर हंडा घेऊन टेकडीवरून उतरत होत्या. नेहमीसारखी बातमी दिली नाही. समोर येऊन थांबल्या.

"मास्तर, आमचा नल गेला."

"गेला म्हणजे?"

"सायेब आलता. म्हनला, वढ्याचं पानी चांगलं हाय, मंग नल कशापायी? कागूद दावला." हंडा सावरत त्यांनी सरांकडे पाहिलं. "तुमीच लिवलं ना, फरक नाय म्हून?"

"मी लिहिलं."

"तुमाला तर ठावं होतं."

एवढं बोलून त्या गेल्या. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं सरांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं.

सर त्या दिवशी पाण्यात उतरले नाहीत. काठावर बसून राहिले. निघताना म्हणाले, "त्यांनी विचारलं, फरक आहे का. मी सांगितलं, नाही. पूर येऊन गेलाय, महिन्याने या, हे सांगायला मला कुणी बंदी केली नव्हती. मी नेमकेपणाच्या दिमाखात राहिलो."

मग ते कामाला लागले. बुरूडआळीतून बांबूच्या सहा टोपल्या आणल्या. मुठीत मावतील असे दगड निवडले, उकळून, घासून, अगदी कोरे केले. प्रत्येक टोपलीत चोवीस. तीन टोपल्या शेडच्या वर पाण्यात ठेवल्या, तीन खाली. कोऱ्या दगडांवर राहायला कोण येतं, ते बघायचं. आता कुठल्या एका दिवशी पाहिलं, हा प्रश्न उरत नव्हता. टोपल्या पाण्यात पंधरा-पंधरा दिवस राहत, आणि पारूबाई त्यांच्यावर नजर ठेवत. नळ गेल्याचा राग त्यांनी टोपल्यांवर काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा. वरच्या टोपल्या त्रिशेपटी आणि गवंडींनी भरून आल्या. खालच्यांत फक्त तांबड्या.

"झालं की," मी म्हणालो.

"नाही झालं. ते म्हणतील, खालचा ओढा मुळातच असा आहे. खाडी जवळ, चिखल जास्त. शेड होती आणि शेड नव्हती, असं एकाच जागी दाखवायला हवं."

"म्हणजे मालकाला सांगायचं, पंधरा दिवस कारखाना बंद ठेवा?"

"ते कोण ऐकणार?"

ऐकलं ते चळवळीने. त्या थंडीत संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळी मुंबई उठली. हरताळ झाले, मोर्चे निघाले, ट्रामा बंद पडल्या, काही भागांत संचारबंदी आली. गिरणगावात तर रोज काहीतरी होई. शेडचे कामगार हरताळात उतरले. त्या दिवसांची मजुरी कापण्यावरून मालकाशी भांडण झालं, आणि मालकाने शेडला टाळं ठोकलं. सर सभांना जात, मागे उभे राहून ऐकत. मुंबई महाराष्ट्रातच हवी, याबद्दल त्यांच्या मनात किंतु नव्हता. पण टाळं लागल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जी चमक दिसली ती निव्वळ राजकीय नव्हती.

मी त्या दिवसांत दादरला बहिणीकडे अडकलो होतो. तिथून चालत लालबागला गेलो तर सर निघण्याच्या तयारीत. खालच्या तीन टोपल्यांसाठी नवे कोरे दगड कापडी पिशव्यांत भरून ठेवलेले.

"आज?" मी विचारलं. "बाहेर काय चाललंय ठाऊक आहे ना?"

"शेड उद्या उघडली तर?"

एक पिशवी त्यांनी घेतली, एक मी. भर हरताळात, लालबागच्या नाक्यावरून, मुठीत मावतील असे निवडून घेतलेले दगड पिशव्यांत घेऊन कॉलेजातले दोन मास्तर चालले आहेत, हे चित्र बाहेरून कसं दिसेल याचा विचार आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. आम्ही पुस्तकं वाचलेली माणसं होतो.

परळच्या चौकीपाशी फौजदाराने अडवलं. मराठीच होता. दोन दिवस झोपलेला दिसत नव्हता.

"पिशवीत काय?"

"दगड," सर म्हणाले.

फौजदाराने वाकून पिशवीकडे पाहिलं. इतक्या सरळ उत्तराची त्याला सवय नसावी.

"किती?"

"बहात्तर."

"मोजलेत?"

"मोजून उकळलेत."

हवालदाराने पिशवीत हात घालून एक दगड काढला, तळहातावर तोलला. "साहेब, माल एकदम निवडक आहे."

"कुणाला मारायला चाललात?"

"मारायला नाही. किड्यांना राहायला."

"अहो मास्तर!" फौजदाराचा आवाज चिरकला. "सकाळपासून मी या असल्या दगडांचा मार खातोय आणि तुम्ही माझी थट्टा करता?"

"थट्टा नाही. त्या हवालदारांना सांगा, हाताला तेल असेल तर दगडांना लावू नका."

आम्हाला आत बसवलं. दुपारपर्यंत बसलो. दगड जप्त झाले, त्यांची सरांनी रीतसर पावती मागितली आणि मिळेपर्यंत उठले नाहीत. शेवटी फौजदाराने वही मागवली, म्हणजे माझ्या हातातली नोंदवही. बराच वेळ ती चाळली. तीन वर्षांचे रविवार त्यात होते. वाचता वाचता त्याचा चेहरा सैल झाला. "आमच्या गावच्या ओढ्यात, पऱ्ह्या म्हणतो आम्ही, त्यातही असले घरवाले किडे असायचे," तो म्हणाला. "आम्ही पोरं काडीने फोडायचो."

"फोडू नये," सर म्हणाले.

"आता नाही फोडत," फौजदार म्हणाला, आणि पिशव्या परत दिल्या. सरांनी तिथेच मोजले.

"एकाहत्तर आहेत."

हवालदाराने खजील होऊन टेबलावरच्या कागदांवर ठेवलेला एक दगड उचलून दिला.

तसेच आम्ही वडाळ्याला गेलो, टोपल्या भरल्या, पाण्यात ठेवल्या. परतलो तेव्हा चाळीत आमची बातमी आमच्या आधी पोचली होती. पोलिसांनी पकडलं, दगडांसकट पकडलं! जिन्यावर माणसं जमली होती. घोषणा झाल्या. कुणीतरी झेंडूचा हार सरांच्या गळ्यात घातला. चाळीच्या सेक्रेटरींनी भाषणाला सुरुवातही केली, "आपल्या चाळीचा हा वाघ..."

"थांबा," सर म्हणाले. "मी मोर्चात नव्हतो. दगड कुणाला मारायला नव्हते. ते ओढ्यात ठेवायचे होते, ठेवून आलो."

सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "सर, असू दे ना. लोकांचा उत्साह आहे."

"लोकांची पोरं खरोखरच मार खातायत. त्यांचा हार मी कसा घालू?"

खिडकीतून म्हातारबा म्हणाले, "काढ रे तो हार, इसराम. तुझो नाय तो."

सरांनी हार काढला, नीट धरला, आणि ज्याच्या हातून आला होता त्याच्याच हातात परत दिला. जमलेली मंडळी जराशी नाराजच पांगली. चांगला वाघ हातचा गेला होता.

शेड तीन आठवडे बंद राहिली. पहिल्या आठवड्यात खालच्या टोपल्यांत काही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात सरांनी एक दगड उचलला, आणि तसाच धरून उभे राहिले. मी वाकून पाहिलं. एक त्रिशेपटी, नखाएवढी, दगडाच्या अंगाला चिकटून. तिसऱ्या आठवड्यात गवंडीही उतरल्या. पारूबाई काठावर बसून मोठ्याने मोजत होत्या आणि सर "लिहा, लिहा" म्हणत होते. मग शेड उघडली. ओढा पुन्हा निळा झाला. पुढच्या रविवारी टोपल्यांत पुन्हा फक्त तांबड्या.

समितीची पुढची बैठक मार्चमध्ये होती. सरांनी स्वतःहून वेळ मागितली. जिना चढताना मी त्यांना थांबवलं. ही गोष्ट मला सांगायची नव्हती, पण सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही.

"सर, जूनमध्ये जागा निघतेय," मी म्हणालो. "नवा अहवाल पाठवा हवा तर. पण मागचा चुकला, असं म्हणायची काय गरज? ते तुम्हाला कुणी विचारलेलं नाही."

सर एक पायरी वर होते. वळून माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते.

"देसाई, मागच्या वेळी मी हेच केलं," ते म्हणाले, आणि वर गेले.

आत अध्यक्ष होते, शेडचे मॅनेजर होते, आमचे प्राचार्य होते. दाराशी, खुर्ची दिली नव्हती म्हणून, पारूबाई उभ्या होत्या. मॅनेजरांनी टेबलावर बाटली ठेवली. खालच्या ओढ्याचं पाणी, काचेसारखं नितळ.

"हे कुठल्या दिवशी भरलं?" सरांनी विचारलं.

"गेल्या रविवारी."

"रविवारी शेड बंद असते. बाटलीला तेवढीच दुपार ठाऊक आहे. किडे तिथे महिनोन्‌महिने राहतात, सोमवारीसुद्धा. साक्षीला त्यांना बोलवा." त्यांनी पिशवीतून किड्यांच्या दोन बरण्या काढल्या, एक वरची, एक खालची, मग वही.

अध्यक्षांनी चष्मा लावला. "पण धुरी, तुमचाच अहवाल आहे आमच्याकडे. सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग ते खोटं होतं का?"

"खरं होतं. तेवढंच लिहिलं, म्हणून चुकलं. मी पुराच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो. त्या दिवशी वर-खाली सगळीकडे सारखंच काही नव्हतं. वरचं परत येणार होतं, खालचं येणार नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत म्हणून. ती चूक माझी आहे. या बाईंचा नळ माझ्या वाक्याने गेला. ते वाक्य मला परत घ्यायचं आहे."

प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले. अध्यक्षांनी घसा साफ केला. परत घ्यायच्या वाक्यासाठी त्यांच्याकडे छापील कागद नसावा. मग दारातून पारूबाईंचा आवाज आला, "मास्तरानं मोजलंय, सायेब. मी बी मोजलंय. माझं बी लिवा."

"लिहिलं आहे," सर म्हणाले, आणि वहीतलं पान काढून दाखवलं. तिसऱ्या आठवड्याच्या नोंदीसमोर माझ्या अक्षरात होतं: मोजणी, पारूबाई.

जूनमध्ये कायम जागेवर दुसऱ्या एका गृहस्थांची नेमणूक झाली. त्यांचं बेडकावर प्रभुत्व होतं, असं ऐकतो. धुरी सरांना हंगामी पत्र आलं, तेही जुलै उजाडल्यावर. वस्तीच्या नळाला मात्र आणखी दोन वर्षं लागली. शेडचं पाणी नळीतून थेट खाडीकडे न्यायचं ठरलं, तेव्हा मी सरांचं अभिनंदन केलं.

"आता खाडीने कुणाकडे अर्ज करायचा?" ते म्हणाले.

पुढे मी एक पाठ्यपुस्तक लिहिलं. त्यात एका लढाईची कारणं मी एकाच बखरीवर विसंबून लिहिली होती. दहा वर्षं ती मुलांनी पाठ केली. दुसरी कागदपत्रं हाती लागली तेव्हा, मला कुणी विचारलेलं नसताना, नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं की मागचं चुकलं होतं, आणि चूक माझी होती. प्रकाशक वैतागले. ते वाक्य लिहिताना मला कुणाचा तरी आधार लागला, आणि तो कुणाचा हे मी आजवर छापून सांगितलं नव्हतं. म्हणून हे.

त्यांचं एक शेवटचं दर्शन डोळ्यांसमोर आहे. राज्य झालं तो दिवस. मे महिन्याचं ऊन, गिरगावात गुढ्या-तोरणं, लालबागला ढोल. सर घरी नव्हते. "कुठे असणार?" वहिनी म्हणाल्या. मी वडाळ्याला गेलो.

वस्तीत नळावर रांग होती आणि रांगेत जोरदार भांडण चाललं होतं. पारूबाईंचा हंडा मध्येच घुसला होता. ढोलांचा आवाज इथवर पुसट येत होता. ओढा कोरडा ठाक पडला होता, नुसते पांढरे, तापलेले दगड. त्या दगडांत धुरी सर एकटे उकिडवे बसले होते. सदऱ्याच्या खिशाला तिरंगी फीत लावलेली होती, सकाळच्या झेंडावंदनाची. त्यांनी एक दगड कलता केला. मी काठावरून पाहिलं. खालची माती ओलसर होती, आणि त्या ओलीत बोटाच्या पेराएवढा एक खेकडा पाय आवळून स्वस्थ बसला होता, जूनची वाट बघत.

सर बराच वेळ बघत राहिले. मग दगड हळूच खाली टेकवला. हात काढला, पुन्हा ठेवला, दगड किंचित फिरवला. आता तो पहिल्यासारखा बसला होता.

मी जसा आलो तसा परत फिरलो.